एकेचाळीस नंबरचं टपाल

गाव डोंगराच्या कड्याला असं चिकटलेलं होतं, की बघणाऱ्यालाच कशाला तरी धरून उभं राहावंसं वाटावं. सात-आठशे वर्षांपूर्वी कोणीतरी शत्रूच्या भीतीने इतक्या उंच दगड वाहून आणले, तट बांधला, बुरूज बांधला, त्याच्या आडोशाने घरं उठवली. पुढे शत्रू गेले, भीती गेली, गाव मात्र तिथेच राहिलं. आता तिथे पर्यटक येतात. वेशीतल्या खिडकीवर तिकीट काढतात, गुडघ्यांवर हात ठेवून पायऱ्या चढतात आणि खालची दरी बघून "अहाहा!" म्हणतात.

धाकटी "अहाहा" म्हणाली नाही. तिने आधी कठडा किती उंच आहे ते पाहिलं. कमरेएवढाही नव्हता. तिने थोरल्या बहिणीचा दंड पकडला आणि अर्धा तास सोडला नाही.

"अगं, हात आहे तो माझा, बसमधला दांडा नव्हे," थोरली म्हणाली. "भागूबाई कुठली!"

भागूबाई हे नाव लहानपणीच पडलेलं, आणि धाकटीने ते इमानेइतबारे चालवलं. औषधांच्या दुकानात तीस वर्षं तिने प्रत्येक चिठ्ठी तीनदा वाचली, प्रत्येक गोळी दोनदा मोजली. त्यामुळे हातून चूक एकही झाली नाही आणि झोपही कधी धड लागली नाही. थोरली अगदी दुसऱ्या टोकाची. ती टपाल वाटायची. शहराचा चढावरचा सगळा भाग चौतीस वर्षं तिच्याकडे होता. ऊन, पाऊस, मोकाट कुत्री, भांडकुदळ घरमालक, कोणी तिला अडवू शकलं नाही. लोक तिला टपालताईच म्हणत.

टपालताईचे दोन नियम होते. पहिला, नंबर सोडायचा नाही. एकच्या नंतर दोन, दोनच्या नंतर तीन, मग वाट वाकडी पडली तरी बेहत्तर. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिने एक चढावरचं घर "येताना करू" म्हणून सोडलं होतं, आणि ते पत्र दोन दिवस पिशवीच्या तळाशी राहिलं. एका पोराची नोकरी त्यात गेली. त्यानंतर तिने जन्मात नंबर सोडला नाही. दुसरा नियम, ड्यूटीवर आपण कोणाची बहीण नाही, कोणाची कोणी नाही. शाळेत असताना धाकटीने एकदा भर रस्त्यात "ताई, किल्ली दे ना!" अशी हाक मारली होती. ताई सरळ पुढे निघून गेली होती. घरी आल्यावर म्हणाली, "खांद्याला पिशवी असताना मला ताई म्हणायचं नाही. ऐकू येत नाही मला."

आता दोन वर्षं झाली, थोरलीच्या डोक्यातले कप्पे उलटेपालटे व्हायला लागले होते. गॅस चालू राहायचा. धाकटीला ती कधी आई समजायची, कधी शेजारीण. सगळ्यात वाईट म्हणजे पहाटे सहाला खांद्याला पिशवी अडकवून ती दाराशी उभी राहायची. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाल्यावर! एकदा ती खरोखरच बाहेर पडली आणि दुपारी तिसऱ्याच भागातल्या एका वाण्याने तिला रिक्षातून आणून सोडलं. त्या दिवशी धाकटीने सुतार बोलावून दाराला वरच्या बाजूला कडी बसवून घेतली. थोरली बुटकी. स्टुलाशिवाय तिचा हात तिथे पोचत नव्हता, आणि स्टूल धाकटीने कपाटाच्या मागे ठेवून दिलं होतं.

आणि ही सहल? खरं सांगायचं तर ही सहल म्हणजे धाकटीच्या मनाची मलमपट्टी होती. शहराबाहेरच्या एका निवासात, जिथे अशी माणसं सांभाळतात, तिने थोरलीचं नाव घातलं होतं. जागा निघाली होती. आज पाच वाजेपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. थोरलीला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. "तुला डोंगर बघायचे होते ना, चल," एवढंच सांगून तिला आणलं होतं.

वेशीत तिकीट देणाऱ्या बाईने गावाचा नकाशा छापलेलं पत्रक दिलं. थोरलीने विचारलं, "फुकट आहेत का?" बाई हसून हो म्हणाली. त्यावर थोरलीने पत्रकांचा अख्खा गठ्ठाच उचलून खांद्यावरच्या पिशवीत टाकला. धाकटी ओशाळली. बाई म्हणाली, "राहू द्या हो, छापून पडलेत ढीगभर."

तिथेच खरं तर धाकटीच्या डोक्यात दिवा पेटायला हवा होता. पण तिचं सगळं लक्ष कठड्याकडे.

पावणेचारला त्या दोघी बुरुजाखालच्या चौकात पोचल्या. चौक म्हणजे अंगणाएवढी फरसबंदी जागा, मधे एक अक्रोडाचं झाड, त्याला वेढून दगडी पार. वर पाकोळ्या चिरचिरत घिरट्या घालत होत्या. फोनला रेंज फक्त बुरुजाच्या माथ्यावर मिळते, असं तिकीटवाल्या बाईने सांगितलं होतं. थोरली पारावर टेकली. चेहऱ्यावर समाधान होतं.

"ताई, इथेच बस. पाच मिनिटांत येते. उठायचं नाही."

"उठून जाणार कुठे? दरीत?" थोरली म्हणाली.

बुरुजाला चौसष्ट पायऱ्या होत्या. धाकटीने त्या मोजल्या, कारण मोजलं की तिला जरा बरं वाटायचं. वर वाऱ्याने पदर उडत होता. फोन लागला. पलीकडची बाई गोड आवाजाची होती, तिच्यापुढे कोरा फॉर्म होता. जेवण स्वतः जेवतात का? जेवते. रागावतात का? क्वचित. मग तिने विचारलं, "एकट्या बाहेर निघून जातात का? तसं असेल तर आम्ही बंद बाजूला ठेवतो. तिकडे दाराला कुलूप असतं."

कुलूप म्हटल्यावर धाकटीला ती वरची कडीच आठवली. "नाही हो," ती म्हणाली. "जिथे बसवाल तिथे बसते." कडी असल्यापासून बाहेर गेली नाही, म्हणजे जात नाही, असा हिशेब तिने मनाशी जुळवला. ज्या बाईने औषधाच्या चिठ्ठीतलं टिंबसुद्धा कधी सोडलं नाही, तिने एवढं मोठं खोटं एका दमात सांगितलं. तरी हो म्हणायला तिची जीभ रेटेना. "पाचच्या आत परत फोन करते," म्हणून तिने फोन ठेवला आणि कठड्यावरून खाली वाकून पाहिलं.

पारावर कोणी नव्हतं.

चौसष्ट पायऱ्या ती कशी उतरली, तिला आठवत नाही. चौकातून पाच गल्ल्या फुटत होत्या, सगळ्या सारख्या, दगडी, अरुंद, पायऱ्यापायऱ्यांच्या. भिंतींच्या सांध्यांतून नेचे उगवलेले. घरांच्या दारांवर दगडात कोरलेले नंबर. "ताई! ताई!" हाका तटावर आपटून तिच्याचकडे परत येत होत्या. गावाला तीन बाजूंनी दरी होती, आणि कठडा कमरेएवढाही नव्हता.

पहिल्या गल्लीत सात नंबरच्या दाराच्या फटीत तिला एक कागद दिसला. गावाचं पत्रक. तीन घड्या घातलेलं, एक कोपरा बाहेर ठेवलेला. कोपरा बाहेर ठेवायची ही पद्धत जगात एकाच बाईची होती. घरातली विजेची बिलंसुद्धा ती तशीच खोचून ठेवायची.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. ताई टपाल वाटत होती! म्हणजे माग काढणं सोपं. सातच्या पुढे कागद बघत जायचं. पण सातच्या शेजारी होतं एकतीस, आणि तिथे कागद नव्हता. त्याच्या पुढे अठरा, तिथे कागद होता. मग छत्तीस, नाही. मग गल्ली संपून खाली दरीच. ती दुसऱ्या गल्लीत धावली. चारला कागद, पंचवीसला नाही, अकराला कागद. जीव भांड्यात पडला होता तो पुन्हा बाहेर आला. ताईला नंबरही कळेनासे झाले, मनाला येईल त्या दारात ती कागद सारतेय, असं वाटून तिला तिथेच पायरीवर बसून भोकाड पसरावंसं वाटलं. पण रडायला वेळ नव्हता. ती पळत वेशीकडे गेली.

तिकीटवाली बाई खिडकी बंद करायच्या बेतात होती. धाकटीने धापा टाकत सगळं सांगितलं. बाई म्हणाली, "अहो, आमच्या गावात नंबर ओळीने नाहीतच. जे घर आधी बांधलं ते एक, त्याच्यानंतरचं दोन. एक नंबर बुरुजाला लागून आहे, तर दोन नंबर इथे वेशीत, हे बघा, माझ्या मागे. तीन पार त्या टोकाला. पाहुण्यांची फार तारांबळ उडते."

धाकटीने मागे पाहिलं. दोन नंबरच्या दारात कोपरा बाहेर ठेवलेला कागद होता.

तिने आठवायला सुरुवात केली. चिठ्ठ्या वाचून वाचून तिची नजर पक्की झालेली होती. कागद कुठे दिसले? चार, सात, अकरा, अठरा. कुठे नव्हते? पंचवीस, एकतीस, छत्तीस. ताई चुकत नव्हती. तिने एकही नंबर सोडला नव्हता. या वेड्यावाकड्या गावात ती एकवरून दोनवर, दोनवरून तीनवर, या टोकाहून त्या टोकाला, सत्तरीच्या गुडघ्यांनी चढत-उतरत निघाली होती.

तेवढ्यात वरून आवाज आला. समोरच्या छपरावर एक माणूस पाटीच्या दगडाच्या चिपा बसवत होता. "पिशवीवाली बाई का? फार झपाट्याची आहे! तीनदा गेली माझ्या खालून. मघाशी बत्तीसच्या दारात 'टपाल!' म्हणून ओरडली. म्हटलं, आमच्याकडे रविवारी टपाल कधीपासून?"

"शेवटचा नंबर किती?" धाकटीने विचारलं.

"एकेचाळीस," तिकीटवाली म्हणाली आणि तिने वर छपराकडे पाहिलं. वरचा माणूसही हातोडी थांबवून बघायला लागला.

"कुठे आहे एकेचाळीस?"

"घळीच्या पलीकडे. चक्कीवाल्याचं घर. दहा वर्षं रिकामंच आहे. अहो, मधला पूल बंद केलाय. गेल्या वर्षी पाण्याच्या लोंढ्याने मधल्या फळ्या नेल्या. अलीकडे साखळी लावलीय, पण..."

साखळी कोणाला अडवते! चौतीस वर्षं फाटकं ओलांडून टपाल वाटलेल्या बाईला तर नाहीच नाही.

आता दोनच वाटा होत्या. बत्तीसपासून तिच्या मागे लागायचं, की सरळ एकेचाळीसवर जाऊन थांबायचं? मागे लागलं आणि चुकामूक झाली तर ती पुलावर एकटी. पुलावर थांबलं आणि ती मधेच कुठे कठड्यावरून पडली तर? धाकटीने जन्मभर असे निर्णय टाळले होते. आताही तिचे पाय एकदा इकडे, एकदा तिकडे झाले.

"मी तेहतीसपासून बघत येते," तिकीटवाली बाई किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचत म्हणाली. "तुम्ही पुलावर जा. चक्कीची वाट, डावीकडून खाली."

चक्कीची वाट म्हणजे वाट नव्हतीच. कोसळलेल्या तटातून निघालेली एक घसरगुंडी, शेवाळलेले दगड, दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत. खालून पाण्याचा घोंघाट येत होता. दरीतून धुकं वर चढत होतं, घाई न करता, पायरी पायरीने. धाकटी दोनदा आपटली. गुडघा फुटला. अशा वाटेवर तिने एरवी कोणी हजार रुपये देऊन सांगितलं असतं तरी पाऊल टाकलं नसतं. वाटेत चाळीस नंबरचं एक कोंदट गोठ्यासारखं घर लागलं. त्याच्या दारात कागद होता.

कागद होता! म्हणजे ताई पुढे गेली होती.

मग पूल दिसला. दोन तारा, त्यांच्यामधे फळ्या, आणि मधोमध चार-पाच फळ्यांची जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेतून खालचं पांढरं पाणी दिसत होतं. थोरली साखळीच्या पलीकडे होती. दहा-बारा पावलं गेली होती. एक हात तारेवर, दुसऱ्या हातात कागद, नजर समोर पलीकडच्या दारावर. पायाखाली ती बघतच नव्हती. पायाखाली बघून कोणी टपाल वाटतं का?

"ताई!" धाकटी किंचाळली.

थोरलीने मान वळवली नाही. एक पाऊल पुढे टाकलं.

"ताई, अगं मागे फिर! ताई!"

आणखी एक पाऊल. पूल करकरला. धाकटीने साखळी धरली. पळत जावं तर पूल दोघींच्या वजनाने हलणार. आणि मग, देव जाणे कसं, तिला ती भर रस्त्यातली किल्लीची हाक आठवली. खांद्याला पिशवी असताना मला ताई म्हणायचं नाही. ऐकू येत नाही मला.

धाकटीने ओठांवरून जीभ फिरवली. दुकानात गिऱ्हाइकाशीसुद्धा ती कधी मोठ्याने बोलली नव्हती. पण थोरलीच्या ऑफिसातला साहेब कसा बोलायचा ते तिला ठाऊक होतं. थोरली रोज जेवताना त्याची नक्कल करायची.

"एकेचाळीस नंबर!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "घर बंद आहे! टपाल परत आणा!"

थोरली थांबली. पुढच्या फळीवर टाकायला उचललेला पाय तिने जागच्या जागी खाली ठेवला.

"बंद?" मागे न बघता तिने विचारलं. "कधीपासून?"

"दहा वर्षं झाली. राहणारे गेले."

"मग मला सकाळी का नाही सांगितलं? एवढी पायपीट करवली ती!" ती पुटपुटली, आणि तारेवरचा हात काढून तिने पिशवीत पेन शोधायला सुरुवात केली. "शेरा मारते."

"शेरा ऑफिसात मारा!" धाकटीने आवाज पडू दिला नाही. "आधी परत या."

"शेरा जागेवरच मारायचा असतो, साहेब. नियम मला शिकवू नका."

आणि त्या बाईने, मधल्या फळ्या गेलेल्या पुलावर, दोन्ही हात सोडून, पिशवीवर कागद ठेवून, 'घर बंद' असा शेरा लिहिला. खाली तारीखही घातली. धाकटीने तेवढा वेळ श्वास घेतला की नाही, हे तिला कधीच सांगता आलं नाही. मग थोरली वळली, आणि रोजच्या वाटेवरून यावं तशी बारा पावलं चालत आली. साखळीखालून वाकून बाहेर निघाली. धाकटीने तिला मिठी मारायला हात पुढे केले. थोरलीने त्या हातांत कागद ठेवला.

"परत आलेलं टपाल तुम्ही घेताय ना? सही लागेल."

"वर गेल्यावर करते," धाकटी म्हणाली.

चढताना थोरलीने हात धरू दिला नाही. धाकटी एक पाऊल मागे, पडलीच तर झेलता यावी अशा बेताने चालत राहिली. वाटेत तिकीटवाली बाई भेटली, तिने काही न विचारता आपली पाण्याची बाटली पुढे केली. तिघी चौकात पोचल्या. थोरली पारावर टेकली आणि तिने पेन पुढे केलं. तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला. एरवी इथे रेंज नसायची, आज कुठून तरी आली होती. निवासाचा नंबर. पाचला चार मिनिटं होती.

"आधी सही," थोरली म्हणाली. "फोन नंतर."

धाकटीने सही केली. थोरलीने कागद डोळ्यांजवळ नेला. चौतीस वर्षं हजारो सह्या पाहिलेली नजर होती ती. तिच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल झाल्या.

"आमची धाकटी अशीच सही करते," ती म्हणाली. "शेवटी रेघ, खाली दोन टिंबं. तुम्ही ओळखता तिला?"

"ओळखते."

"घाबरट आहे जरा. मी घरी नसले की शोधत बसते. भेटली तर सांगाल? म्हणावं, मी कामावर आहे, टपाल संपलं की येते." मग तिने आवाज खाली आणला. घरातली गोष्ट परक्याला सांगावी तसा. "आणि म्हणावं, दाराला ती वरची कडी लावू नकोस. माझा हात पोचत नाही गं तिथे."

"सांगते," धाकटी म्हणाली.

फोन वाजतच होता. तिने डोळे पुसले, उचलला आणि पलीकडची बाई काही बोलायच्या आत म्हणाली, "मघाशी मी खोटं सांगितलं. ती बाहेर जाते. जायला मिळालं तर रोज जाईल."

"मग बंद बाजूला जागा आहे," गोड आवाज म्हणाला. "देऊ का?"

"नको."

"मग कसं करणार तुम्ही?"

"मला माहीत नाही," धाकटी म्हणाली. ते खरं होतं. भीती काडीइतकीही कमी झालेली नव्हती, उलट आता ती उद्यापासून रोज सकाळी सहाला सुरू होणार होती. तिने फोन ठेवला.

थोरलीने पिशवीत हात घालून पाहिलं. आणखी बरीच पत्रकं उरली होती. ती गुडघ्यावर घेऊन थोरली कडा जुळवत बसली.

"ही कुठली?" तिने विचारलं.

धाकटी तिच्या शेजारी बसली.

"आपल्या गल्लीतली," ती म्हणाली. "उद्या वाटायची. मी येते बरोबर."